कर्नेल बारीक करणेबाबत

मोतीलालजींच्या त्या पत्राला सोमाजींनी उत्तर पाठवलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

पत्र विणकर संस्थेचं होतं. संस्थेचे अध्यक्ष मोतीलालजी सोमाजींच्या घरापासून तिसऱ्या घरात राहत आणि सकाळी दूध आणताना दोघांची रोज गाठ पडे. पण संस्थेचं काम कागदावर आणि कागद टपालाने, असा मोतीलालजींचा नियम होता. त्यामुळे पत्र पवनीच्या एका गल्लीतून निघून, पोस्टात शिक्का खाऊन, त्याच गल्लीत परत आलं. वर जावक क्रमांक होता, खाली लांबलचक सही होती आणि मध्ये विषय होता: ‘जॅकार्ड यंत्रातील कर्नेल बारीक करणेबाबत.’

संस्थेला एका योजनेतून नवं जॅकार्ड मिळालं होतं. हातमागाच्या डोक्यावर बसणारं हे यंत्र ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरवतं, आणि त्यातून कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीच्या पदरावर नक्षी उमटते. पूर्वी हे काम भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं करत. आता एक डबी करते. डबीत छोटा संगणक, आणि त्या संगणकात जागा इतकी थोडी की त्यापेक्षा हल्लीच्या मोबाइलमध्ये सकाळच्या शुभेच्छा जास्त मावतात. तेवढ्यातच कर्नेल, म्हणजे संगणकाचा मूळ गाभा, राहायचा. यंत्राच्या एकेका भागाला चालवणाऱ्या मॉड्यूल नावाच्या फाइली राहायच्या. आणि उरलेल्या कोपऱ्यात नक्षी. लहान बुट्टे मावत. करुणाचे सारस मावले नाहीत.

करुणा संस्थेतली विणकर. लग्न होऊन आल्यापासून ती दुसऱ्यांनी काढलेले काठ विणत आली होती. हा पहिला पदर तिने स्वतः काढला होता: धानाच्या बांधावर समोरासमोर उभे दोन सारस, तिच्या माहेरी, गोंदियाकडे, दिसतात तसे. डबीने नक्षी नाकारली तेव्हा मोतीलालजींनी एक सारस काढून टाकायला सुचवलं. सारस कधी एकटा राहत नाही, असं करुणाने ऐकवलं. मग त्यांनी दोघांचे पाय आखूड करायला सांगितले.

“भाऊ, पाय कापले तं तो सारस राहीन का बदक होईन?” करुणा म्हणाली, आणि नक्षीचा कागद गुंडाळून उठून गेली.

यातून मार्ग म्हणून ते पत्र. सोमाजी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त होताना त्यांनी रद्दीत निघालेलं संगणकाच्या गाभ्यावरचं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं आणि इतर लोक पोथी वाचतात तसं ते पहिल्या पानापासून वाचून काढलं. त्यातलं आपल्याला काही समजलं आहे, याची त्यांना कधीच खात्री वाटली नाही. चूक एवढीच झाली की दुधाच्या रांगेत एकदा ते मोतीलालजींना हे बोलून गेले.

पत्र आल्यावर सोमाजी उत्तर लिहायला बसले. होकार लिहिला, तर त्यात गर्व दिसू लागला. नकार लिहिला, तर शेजाऱ्याचा अपमान वाटू लागला. ‘प्रयत्न करतो’ असं लिहिलं, तर प्रयत्न करावा लागेल अशी भीती वाटली. शेवटी त्यांनी पत्र त्या जाडजूड पुस्तकात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत मोतीलालजींनी पत्र भेटलं का म्हणून विचारलं, सोमाजी ‘भेटलं’ म्हणाले, आणि काम स्वीकारलं गेलं.

संध्याकाळी संस्थेच्या फळ्यावर खडूने अभिनंदन लिहिलेलं होतं. त्या आठवड्यात शाल आणि नारळ देऊन सत्कारही झाला. कामाआधी सत्कार का, असं विचारायचं सोमाजींच्या फार मनात होतं. त्यांनी मनातल्या मनात चांगलं खणखणीत वाक्य जुळवलंही होतं. पण तोवर नारळ हातात आला होता. घरी केशरबाईंनी तो फोडून चटणी वाटली.

“अजी, तुमी हो म्हटलं तरी कवा?” त्यांनी विचारलं.

“म्हटलंच नाही.”

“मंग नाही तरी म्हणा.”

“आता चटणी झाली,” सोमाजी म्हणाले.

त्यात आणखी भर पडली. योजनेचे साहेब शुक्रवारी पाहणीला यायचे होते. यंत्र चालताना दिसलं नाही, तर ते उचलून भंडाऱ्याच्या संस्थेला द्यायचं ठरलं होतं. म्हणजे करुणाचे सारस कागदावरच राहणार आणि तिच्या हाती पुन्हा दुसऱ्यांचे काठ येणार.

सोमाजींनी कामाला हात घातला. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, पण जाताना एका पेनड्राइव्हवर कर्नेलचा सगळा मूळ मजकूर देऊन गेली होती. तो वाचताना शांत स्वभावाचे सोमाजी संतापू लागले. हातमागाच्या डोक्यावर बसलेल्या डबीला गाणी वाजवता येत होती. कॅमेरा जोडला तर फोटो काढता येत होते. जगातल्या असंख्य छपाईयंत्रांशी तिची ओळख होती. विणकरांची नक्षी ठेवायला जागा नाही, आणि या नसत्या उठाठेवींना आहे. त्यांनी एकेक काढून टाकलं. काढताना त्यांना गेल्या कित्येक वर्षांत वाटला नव्हता इतका आनंद झाला.

मग पुस्तकात त्यांना एक सोय सापडली. गाभ्यात अनेक छोटी-छोटी कामं असतात. प्रत्येकाला नाव असतं, आणि बाकीचे भाग त्या नावाने हाक मारून काम करून घेतात. गाभ्यातल्या गाभ्यात ज्या नावांना कोणीच हाक मारत नाही ती आपोआप गाळून टाकावीत, अशी ती सोय. सोमाजींनी खूण केली. घरचा संगणक दुपारभर कुरकुरत राहिला, आणि कर्नेल असा रोडावला की सोमाजींना संशयच आला. पण आपल्या संशयावरही त्यांचा विश्वास नव्हता.

मंगळवारी सगळी संस्था यंत्राभोवती जमली. बटण दाबलं. डबीच्या पडद्यावर नेहमीप्रमाणे फेटा बांधलेले, हार घातलेले मोतीलालजी हात जोडून प्रकट झाले. उद्घाटनाच्या वेळी कंपनीच्या माणसाला सांगून त्यांनी तशी व्यवस्था करून घेतली होती. खाली अक्षरं होती: ‘सुस्वागतम्’. खऱ्या मोतीलालजींनी समाधानाने मान हलवली.

“झालं ना चालू,” ते म्हणाले.

करुणाने पायाखालची पायडी दाबली. एकही धागा उचलला गेला नाही. तिने पुन्हा दाबली. पडद्यावरच्या मोतीलालजींची जागा आता एका इंग्रजी ओळीने घेतली होती. धागे ओढणारे आकडे, म्हणजे हुक, उचलणारं मॉड्यूल आलं होतं, त्याने एका नावाला हाक मारली होती, आणि त्या नावाचं इथे कोणी राहत नाही असं उत्तर मिळाल्यावर ते आल्या पावली परत गेलं होतं.

“सर, चालू तं झालं. मंग चालून काहून नाही राहिलं?” मोतीलालजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता शाल आणि नारळ दोन्ही होते.

सोमाजींना खूप काही बोलायचं होतं. ज्याने काम मागितलं नाही, त्याच्याकडे कामाचा जाब मागणं कोणत्या न्यायात बसतं, इथून सुरुवात करून ते आजवरच्या सगळ्या सत्कारांपर्यंत जाणार होते. ते “बघतो” म्हणाले आणि घरी आले.

जेवताना त्यांनी केशरबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला. “असं समज, की घरात जे कोणी वापरत नाही ते आपण काढून टाकलं. ती वेताची खुर्ची. तू बसत नाहीस, मी बसत नाही. दिली कोणाला तरी. आणि मग तुझा भाऊ येतो. त्याला तीच खुर्ची लागते. खुर्ची नाही म्हटल्यावर तो दारातूनच परत जातो. मॉड्यूल म्हणजे बाहेरून येणारा पाहुणा. मी घरातल्यांनाच विचारलं, पाहुण्याला विचारलंच नाही.”

केशरबाईंनी भाकरी तव्यावरच राहू दिली. “माह्या भाऊ खुर्चीसाठी दारातून वापस जाणारा हाय?”

“मी उदाहरण दिलं.”

“तुमच्या बहिणीचं काहून नाही दिलं? थे तं उशी बदलली तरी रुसते.”

सोमाजींनी ताबडतोब उदाहरणात भावाच्या जागी बहीण घातली, पण उशीर झाला होता. केशरबाईंनी बोलणं टाकलं, आणि वेताची खुर्ची आतल्या खोलीतून उचलून मुद्दाम दर्शनी ओट्यावर आणून ठेवली गेली.

सोमाजींनी ते हरवलेलं नाव परत घातलं. आकडे उचलणारं मॉड्यूल आलं आणि आत येऊन दुसऱ्याच नावाला हाक मारू लागलं. ते घातलं, तर तिसरं. ती सगळी सापडेपर्यंत पायडीचं मॉड्यूल अडून बसलं. एखाद्या लग्नात मानपानावरून एकेक जण उठून जावा आणि यजमानाने मांडवभर पळावं, तसे सोमाजी पळत होते. घर ते संस्था, संस्था ते घर. वाटेत भेटेल तो विचारी, “सर, किती बारीक झालं?” एकाने तर स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवून हेही होईल का म्हणून विचारलं. सोमाजी हसले नाहीत. या गावात कोणाच्याच साडीची कोणाला काळजी नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी पुढच्या विजेच्या खांबाला सांगितलं.

शेवटी पुन्हा पुस्तकच उपयोगी पडलं. एकेक पाहुणा रुसण्याची वाट पाहायची गरज नव्हती. मॉड्यूलच्या फाइलीलाच विचारता येत होतं, बाई, तुला कोणकोणती नावं लागतात? आणि फाइल मुकाट्याने सगळी सांगत होती. सोमाजींनी सगळ्या फाइलींना विचारून घेतलं, तेवढी नावं राखायला सांगितली आणि बाकीची गाळली. गुरुवारी सकाळी सारी मॉड्यूलं एकामागून एक आत येऊन बसली. आकडे वर गेले, खाली आले. करुणाने नक्षी चढवली. दोन्ही सारस आले, माना आल्या, पंख आले. पाय मात्र बाहेर राहिले. राखलेल्या नावांनी तेवढी जागा परत घेतली होती.

करुणाने पायडीवरचा पाय काढला. ती पडद्याकडे बघत राहिली. सोमाजींना वाटलं, तिने दोन शब्द रागाचे बोलावेत. ती गप्प राहिली याचाच त्यांना राग आला.

घरी येऊन त्यांनी गाभ्याचे सगळे तुकडे वजनाप्रमाणे मांडून पाहिले. सगळ्यांत वर एक भलामोठा तुकडा होता. त्यात कसलंही काम नव्हतं. तो काही मोजत नव्हता, काही हलवत नव्हता, आणि एकाही मॉड्यूलला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. चालू होताना गाभाच त्याला हाक मारत होता, म्हणून तेवढा तो गाळण्यातून वाचला होता. सोमाजींनी तो उघडला. फेटा बांधलेले मोतीलालजी हात जोडून त्यांच्याकडे पाहत होते.

सोमाजी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. गाणी गेली, कॅमेरे गेले, छपाईयंत्रं गेली, सारसांचे पाय गेले, आणि हार मात्र ताजा होता. त्यांनी केशरबाईंना हाक मारली. केशरबाईंनी येऊन पाहिलं.

“काढा,” त्या म्हणाल्या. दोन दिवसांतला तो त्यांचा पहिला शब्द होता.

सोमाजींनी काढला. सारस पायांसकट मावले, आणि वर जागा उरली.

शुक्रवारी साहेब आले. मोतीलालजींनी बटण दाबलं आणि ते पडद्याच्या बाजूला, फोटोतल्यासारखेच, हात जोडून उभे राहिले. पडदा क्षणभर काळा राहिला आणि त्यावर थेट नक्षी उघडली. करुणाने पायडी दाबली, आकडे उचलले गेले, धोटा पलीकडे गेला. पदराची कड आधीच विणून झाली होती. आता पहिल्या सारसाची चोच दिसू लागली.

“साहेब, दोन मिनिटं थांबा,” मोतीलालजी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, “यंत्र चालू व्हायचं हाय आजून.”

त्यांच्या पाठीमागे माग खटाखट चालत होता. साहेब मागाकडे पाहत होते. ते म्हणाले की चालू आहे. मोतीलालजी म्हणाले की नाही, हे चालू होणं नव्हे. साहेबांनी सारसाच्या चोचीवर हात फिरवला, कागदावर ‘चालू’ लिहिलं आणि जेवायला साकोलीला जायचं आहे म्हणून निघून गेले.

यंत्र वाचलं. मोतीलालजींचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी तिथल्या तिथे बैठक घेतली. चिटणीस शोभाताई होत्याच. करुणाला मागावरून उठवलं, आणि सोमाजींना बसायला खुर्ची दिली गेली नाही.

“अध्यक्षाचा फोटो काढाले कोणी सांगतलं?”

“जागा लागत होती,” सोमाजी म्हणाले.

“एवढ्या मोठ्या यंत्रात मले जागा नाही?”

“भाऊ, तुमाले ठेवलं तं सारसाचे पाय जाते,” करुणा म्हणाली.

मोतीलालजींनी हे ऐकून डोळे मिटले. पस्तीस वर्षं संस्थेसाठी झिजलेला माणूस आज पक्ष्याच्या पायापेक्षा खाली गेला, असं ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. संस्थेच्या पहिल्या मागाची लाकडं ओली असताना त्यांनीच ती खांद्यावरून वाहिली होती, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि म्हणून कोणी उलट बोललं नाही. त्यांनी हुकूम सोडला: फोटो होता तिथे परत बसवायचा. सारसांचं काय करायचं ते करुणाने पाहावं.

करुणाने मागाकडे पाहिलं. पहिल्या सारसाची मान अर्धी उतरली होती. कोशाचा धागा उसवून पुन्हा तसाच बसत नाही.

सोमाजी नुसते खाकरले.

तेवढ्यात शोभाताईंनी नोंदवही चाळून एक अडचण काढली. शोभाताई करुणाच्या बाजूच्या नव्हत्या आणि मोतीलालजींच्याही नव्हत्या. त्या नियमाच्या बाजूच्या होत्या. संस्थेने सरांना पत्र पाठवलं, त्याची जावक नोंद आहे. पण सरांच्या होकाराची आवक नोंद कुठेच नाही. होकार नसलेल्या माणसाला संस्था आदेश कसा देणार?

“सत्कार झाला ना त्यांचा,” मोतीलालजी म्हणाले.

“सत्काराले आवक नंबर नसते, भाऊ.”

मोतीलालजींना नियमापुढे बोलता येईना, कारण नियम त्यांचाच होता. ते सोमाजींकडे वळले. “सर, मंग तुमी आत्ताच्या आत्ता दोन ओळी लिहून टाका. त्या पत्राचं उत्तर. आपल्या रीतीनं, टपालानं येऊ द्या. आवक झाली का मी आदेश काढतो, फोटो बसवून द्या. तुमच्याशिवाय इथं कोणाले जमते?”

‘तुमच्याशिवाय कोणाला जमते’ हे वाक्य सोमाजी घरी पोचेपर्यंत त्यांच्या कानात राहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर ‘मला जमणार नाही’ म्हटलं आणि ज्याचं कोणी कधी खरं मानलं नाही, त्याला हे असं ऐकवलं जावं, याचा त्यांना संताप आला. हा संताप नेहमीसारखा दारात पोचेपर्यंत विरला नाही. ओट्यावर वेताची खुर्ची होती. ते तिच्यावर बसले, केशरबाईंकडून पाटी आणि कागद मागून घेतला आणि लिहू लागले. या वेळी खाडाखोड झाली नाही.

‘मा. अध्यक्ष महोदय, विषय: जॅकार्ड यंत्रातील कर्नेल बारीक करणेबाबत. संदर्भ: आपले पत्र. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर यंत्राच्या कर्नेलमध्ये काहीही काढण्याचे अथवा घालण्याचे काम माझ्या कुवतीबाहेरचे आहे. तरी ते मला स्वीकारता येत नाही, याबद्दल क्षमस्व. आपला नम्र, सोमाजी.’

केशरबाईंनी खांद्यावरून वाचलं. “अजी, पण काम तं तुमी केलं ना?”

“रेकॉर्डवर नाही,” सोमाजी म्हणाले.

केशरबाईंनी पुन्हा एकदा वाचलं, आणि त्या रात्रीच्या भाजीचा विचार सोडून चहा टाकायला आत गेल्या.

सोमाजी मोतीलालजींच्या दारावरून पुढे गेले. मोतीलालजी ओट्यावरच होते. त्यांनी पाकीट पाहिलं आणि रीत पाळली जाते आहे म्हणून समाधानाने मान डोलावली. गल्लीच्या टोकाला वळताना संस्थेतून धोट्याचा आवाज येत होता. उत्तराची नोंद होईपर्यंत तरी करुणाला थांबवायला कोणाकडे कागद नव्हता, आणि नोंद झाल्यावर तर कधीच असणार नव्हता.

पोस्टातल्या निकेशने पत्ता वाचला. “सर, मोतीलालभाऊ तं तुमच्याच गल्लीत राह्यते. मी घरी जाता जाता देऊन देतो.”

“नको. टपालानेच जाऊ दे.”

निकेशने शिक्का उचलला आणि सवयीने विचारलं की पोचपावती हवी का.

“हवी,” सोमाजी म्हणाले, इतक्या मोठ्याने की रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं, आणि स्वतः सोमाजींनीही.